फाटकासमोरची पंधरा मिनिटं

दोन अधिवेशनांत भरणाऱ्या मुंबईतल्या कुठल्याही शाळेसमोर दुपारी सव्वाबाराला उभं राहून पाहावं. सकाळची शाळा सुटायची असते, दुपारची भरायची असते आणि फाटक एकच. आत जाणाऱ्यांचे गणवेश इस्त्रीचे, बाहेर येणाऱ्यांचे शर्ट अर्धे खोचलेले. त्या दोन लोंढ्यांच्या मधे स्कूटरवर बसलेले आजोबा, शिट्टी फुंकून दमलेला वॉचमन, बोरं-चिंचा विकणारी बाई आणि पार्किंग लाइट लावून रस्त्याच्या दुसऱ्या रांगेत थांबलेल्या गाड्या. मागून कुणी हॉर्न दिला की काच खाली होते आणि ठरलेलं उत्तर येतं, ‘दोनच मिनिटं हो, मुलगी आलीच.’

ही दोन मिनिटं रस्त्याची किती जागा खातात, हे मोजायला एक साधं सूत्र आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली ते सिद्ध केलं. बँकेची रांग असो, दवाखाना असो की केशकर्तनालय, एका वेळी आत असणाऱ्यांची सरासरी संख्या म्हणजे दर मिनिटाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकजण तिथे घालवतो ती मिनिटं. बस्स, एवढंच. पण शाळेच्या फाटकाला ते लावलं की गंमत दिसते.

समजा, एका अधिवेशनातली १२० मुलं गाडीने येतात. सकाळी वीस मिनिटांत सगळ्या गाड्या येऊन जातात, म्हणजे मिनिटाला सहा. मुलाला उतरवून, दप्तर पाठीवर चढवून, डबा विसरला नाही ना हे विचारून निघायला दीड मिनिट धरू. सहा गुणिले दीड, म्हणजे एका वेळी नऊ गाड्या. एका उभ्या गाडीला मागची-पुढची जागा धरून सहा मीटर लागतात, तेव्हा झाले ५४ मीटर. शाळेच्या भिंतीएवढी लांबी, निभून जातं.

आता तेच १२० पालक न्यायला येतात. मुलं किती वाजता सुटणार हे ठाऊक असतं, पण जागा मिळेल की नाही हे ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येकजण पंधरा मिनिटं आधी येऊन थांबतो. सहा गुणिले पंधरा, नव्वद गाड्या. ५४० मीटर. गाड्या त्याच, मुलं तीच, रस्ताही तोच, फक्त थांबण्याचा वेळ दसपट झाला आणि रांग दसपट झाली. दादरच्या गल्लीत किंवा पार्ल्याच्या रस्त्यावर अर्धा किलोमीटर रिकामी कडा कुठून आणायची? मग दुसरी रांग लागते, तिसरीही लागते.

हीच १२० मुलं चाळीस-चाळीसच्या तीन बसमध्ये बसवली, तर तिन्ही बस एकामागे एक पंधरा मिनिटं खुशाल उभ्या राहू देत. मोठ्या बसची लांबी १२ मीटर. मधे जागा सोडूनही ४५ मीटरच्या आत काम होतं. शाळेच्या बसने रस्त्यावरच्या गाड्या कमी होतात, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. वाहतूक अभियंते शहरी रस्त्यावर एक बस म्हणजे साधारण दोन ते चार मोटारगाड्यांएवढी धरतात, त्यामुळे चाळीस गाड्यांच्या बदल्यात एक बस हा सौदा तसाही फायद्याचाच. पण माझ्या मते बसचा खरा उपकार धावताना नाही, थांबताना आहे. कोंडी होते ती फाटकासमोर खोळंबलेल्या गाड्यांमुळे.

आणि ती फाटकापाशी थांबत नाही. दोन रांगांच्या रस्त्यावर एक रांग अडली, तर मिनिटाला दहाच वाहनं पुढे सरकतात असं समजा, आणि मागून येतात बारा. तफावत फक्त दोनची. पंधरा मिनिटांत तीस वाहनं साचतात. पुढे येणाऱ्यांची संख्या आठवर उतरली, तरी हे तीस निपटायला आणखी पंधरा मिनिटं जातात. शेवटचं मूल घरी पोहोचून वरण-भात जेवायला बसलेलं असतं, तेव्हाही त्या रस्त्यावरचा बेस्टचा ड्रायव्हर शाळेच्या नावाने बोटं मोडत असतो.

त्यात माणसाच्या सवयी भर घालतात. जपानमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटरने सारखं चालत राहायला सांगितलं. वाटेत सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही. तरी थोड्याच वेळात एकाने जरासा ब्रेक दाबला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि चालता चालता काही गाड्या चक्क थांबल्या. थांबण्याची ही लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने सरकत राहिली. आपल्याकडे तर तो पहिला ब्रेक मुद्दाम दाबायला फाटकासमोर डझनभर गाड्या असतात. गोखले रोडला अडकलेल्या माणसाला कल्पनाही नसते की आपल्याला थांबवणारी लाट तीन गल्ल्यांपलीकडे कुणाच्या तरी लेकीची वाट पाहताना जन्मली आहे.

गाडीने सोडणाऱ्या पालकांना विचारलं तर कारण एकच मिळतं, रस्ता सुरक्षित नाही. तो सुरक्षित का नाही, याच्या उत्तरात त्यांचीच गाडी असते, हे त्यांना तोंडावर सांगणं कठीण. मीही कधी सांगितलेलं नाही.

मुलं बसमध्ये जास्त सुरक्षित का असतात, याचं पहिलं उत्तर वजनात आहे. दहा टनांची बस आणि एक टनाची मोटार, दोन्ही ताशी ३० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकल्या असं धरू. संवेगाचा, म्हणजे वजन गुणिले वेग याचा, हिशेब मांडला तर दोन्ही मिळून बसच्या दिशेने ताशी साधारण साडेचोवीस किलोमीटरने पुढे जातात. म्हणजे बसमधल्या मुलाच्या वेगात साडेपाचचा फरक पडला आणि मोटारीतल्या मुलाच्या वेगात साडेचोपन्नचा. शरीराला इजा करतो तो वेगातला हा अचानक बदल. स्कूटरवरच्या मुलाचं गणित मांडायलाच नको. कायद्याने चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं आहे, पण सकाळी सातला कुठल्याही सिग्नलवर पाहा, वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढे उभ्या चिरंजीवांच्या डोक्यावर पावसाळी टोपी.

अमेरिकेचा वाहतूक सुरक्षा विभाग सांगतो की शाळेच्या बसने जाणारं मूल मोटारीने जाणाऱ्या मुलापेक्षा शाळेत सुखरूप पोहोचण्याची शक्यता सुमारे ७० पट जास्त असते. हा आकडा जसाच्या तसा कुर्ल्याला आणून चालणार नाही. तिथल्या मोठ्या बसमध्ये १९७७ पासून उंच, जाड गादीच्या पाठीच्या सीट जवळजवळ बसवलेल्या असतात. धक्का बसला की मूल पुढच्या सीटच्या गादीवर आपटतं आणि तिथेच अडतं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या बसमध्ये पुढच्या सीटला लोखंडी दांडा असतो. दांडा आणि गादी यांत फरक आहे, तो दातांना लगेच कळतो.

रंगाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत अमेरिकेतल्या शाळांच्या बससाठी पिवळा रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावरची काळी अक्षरं स्पष्ट वाचता येतात, हा विचार त्यामागे होता. आपल्या डोळ्यातल्या लाल आणि हिरव्या प्रकाशाला दाद देणाऱ्या दोन्ही प्रकारच्या शंकूपेशी पिवळ्या रंगाने एकाच वेळी जाग्या होतात, त्यामुळे नजरेच्या कडेलाही तो जाणवतो. जुलैतल्या काळ्याकुट्ट सकाळी याचा उपयोग होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आपल्या शाळेच्या बससाठी नियम घालून दिले, त्यात ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारा वेगनियंत्रक, खिडक्यांना आडव्या सळ्या, प्रथमोपचार पेटी, मुलांसोबत परिचर अशा गोष्टी आल्या. राज्याने २०११ मध्ये स्वतंत्र नियमावली केली. त्या परिचराला मुलं मात्र मावशी म्हणतात आणि मला विचाराल तर अख्ख्या बसमधलं सगळ्यात महत्त्वाचं सुरक्षा उपकरण तीच.

कारण धोका बसच्या आत कमी आणि पायरीवरून उतरल्यावर जास्त असतो. बसच्या नाकासमोर वाकलेलं तिसरीतलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. आपली बस डाव्या कडेला थांबते आणि दार डावीकडे उघडतं. घर समोरच्या बाजूला असेल तर मूल बसच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडतं, आणि बस थांबली म्हणून मागचा स्कूटरवाला थांबेल यावर विसंबता येत नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरहून वेगाने येणारं वाहन आपल्याकडे येतंय हे खात्रीने ओळखता येत नाही. डोळ्यात वाढत जाणारी त्याची प्रतिमा टिपणारी यंत्रणा त्या वयात पुरती तयार झालेली नसते. ‘नीट बघून जा’ असं बजावलं तरी मूल नीट बघतं आणि तरीही चुकतं. उपाय मार्ग आखतानाच करायचा, दार मुलाच्या घराच्या बाजूला उघडेल अशी फेरी लावायची किंवा मावशीने हात धरून पलीकडे न्यायचं.

मार्ग आखणं हे मात्र वाटतं तितकं सोपं काम नाही. पंधरा थांबे आणि शेवटी शाळा, तर ते थांबे घेण्याचे एकूण क्रम किती? सुमारे १ लाख ३० हजार कोटी. डँट्झिग आणि रॅमसर या संशोधकांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या टँकरसाठी हे कोडं मांडलं, आणि बरोबर दहा वर्षांनी शाळेच्या बसचे मार्ग संगणकावर आखण्याचा प्रयत्न झाला. अचूक उत्तर आजही महाग पडतं, चालण्याजोगं उत्तर लवकर मिळतं. मुंबईतले अनुभवी बसकाका ते डोक्यातच काढतात, शिवाय त्यात रस्त्याचं खोदकाम आणि गणपतीचे मंडपही धरतात.

त्यांना न सुटणारी अडचण वेगळी आहे. एकच बस आधी मोठ्या मुलांची फेरी करते, मग लहानांची. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. लहानग्यांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच होता. बसमालकांनी लगेच तक्रार केली की दुसरी फेरी आता ऑफिसच्या गर्दीत सापडणार. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हा प्रश्न अवघड.

पैशाचंही एक चक्र आहे. ड्रायव्हर, मावशी, हप्ता, विमा हा खर्च मुलं किती बसली यावर ठरत नाही. चाळीसांऐवजी पंचवीसच मुलं राहिली की प्रत्येकाचा वाटा १.६ पट होतो. फी वाढली की आणखी पाच पालक व्हॅन किंवा स्वतःची गाडी पाहतात, आणि उरलेल्यांचा वाटा पुन्हा वाढतो. शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये, त्यांनी मुलाला चालत न्यावं. बस आहे ती त्यापलीकडच्यांसाठी.

आमच्या भागात बसचा घोळ थांब्यांवरून झाला. ओळीने पाच सोसायट्या, पाच फाटकं, प्रत्येकाला बस आपल्याच फाटकाशी हवी. ब्रेक, दार, चढणं, टाटा, पुन्हा रहदारीत घुसणं, असं दर थांब्याला दीड-दोन मिनिटं. पहिल्या सोसायटीतली मुलगी अजून झोपेत असायची आणि बस खाली येऊन उभी. काकांनी जूनमध्ये सुचवलं, पाचांचा मिळून एकच थांबा करू, कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तीन दिवस धुमाकूळ झाला. सगळ्यात लांबचं फाटक तिथून दोनशे पावलांवर आहे, हे एका आजींनी स्वतः मोजून कळवलं तेव्हा कुठे सगळं शांत झालं. जुलैत मुसळधार पावसाचे चार दिवस बस पुन्हा फाटकाफाटकाशी आली. पाचव्या दिवशी पिंपळाखाली अकरा छत्र्या उभ्या होत्या, आणि पहिल्या सोसायटीतली ती मुलगी आता आठ मिनिटं उशिरा उठते.