नाव न सांगितलेली पंचवीस वर्षं

एप्रिल 2012 मध्ये स्वीडनचे निवृत्त पोलिसप्रमुख स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी आपण होऊन जाहीर केलं की, बोफोर्सची कागदपत्रं पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना त्यांनीच दिली होती. तोवर दिल्लीत किती सरकारं आली नि गेली, चौकश्या झाल्या, खटले उभे राहिले आणि निकालातही निघाले. चित्राबाईंच्या तोंडून मात्र हे नाव निघालं नव्हतं.

सुरुवात 16 एप्रिल 1987 ची. 1986 मध्ये भारताशी झालेल्या तोफांच्या सौद्यात बोफोर्स या स्वीडिश कंपनीने दलाली चारल्याची बातमी स्वीडिश रेडिओने दिली. तिथल्या तपासाची सूत्रं लिंडस्ट्रॉम यांच्याकडे होती. आपलं सरकार, कंपनी किंवा भारत सरकार या प्रकरणाच्या मुळाशी जाईल, याची त्यांना खात्री वाटेना. तेव्हा त्यांनी जिनिव्हाहून ‘द हिंदू’साठी लिहिणाऱ्या या तरुण बातमीदाराला गाठलं. साडेतीनशेहून अधिक कागद चित्राबाईंच्या हाती पडले. बँकांना दिलेल्या सूचना, करार, हाताने लिहिलेली टिपणं आणि एक रोजनिशीसुद्धा त्यांत होती. 1988 पासून ‘हिंदू’तलेच पत्रकार एन. राम यांच्या साथीने ते छापून येऊ लागले.

अशा बातमीत खरी कसरत असते ती कागद छापण्याची. छायाप्रत दिली की बातमीला वजन येतं. पण तो कागद कोणाकोणाच्या टेबलावरून गेला, याचा मागही शोधणाऱ्याला मिळतो.

1989 च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द ‘हिंदू’नेच या मालिकेतल्या एका लेखाचा पुढचा भाग थांबवला. राम यांनी संपादकांवर, म्हणजे आपल्याच काकांवर, जाहीर टीका केली. चित्राबाईंनी तो पेपर सोडला आणि कागद घेऊन त्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ व ‘स्टेट्समन’कडे गेल्या. सरकारपुढे ताठ उभं राहणं त्या मानाने सोपं म्हणायचं, मालकाच्या केबिनमध्ये अनेकांची मान खाली जाते.

गुप्ततेची किंमतही होती. अमिताभ बच्चन यांचं नाव भारतीय तपास अधिकाऱ्यांनी या प्रकरणात घुसडलं, असं लिंडस्ट्रॉम यांनी 2012 मध्ये सांगितलं. जो हे छातीठोकपणे सांगू शकला असता, तोच इतकी वर्षं पडद्याआड होता.

स्वीडनमध्ये गुप्ततेची हमी दिलेल्या माणसाचं नाव परवानगीशिवाय उघड करणं हा पत्रकाराचाच गुन्हा ठरतो. आपल्याकडे 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम 15(2) सांगतं की, कौन्सिल पत्रकाराला स्रोत सांगायला भाग पाडणार नाही. पण हे कौन्सिलपुरतंच, आणि कौन्सिलच्या हाती तंबी देण्यापलीकडे फारसं काही नाही. न्यायालयाला, पोलिसांना ते कलम बांधत नाही.

1983 मध्ये विधी आयोगाने 93 व्या अहवालात पुरावा कायद्यात 132 अ हे नवं कलम घालायला सुचवलं होतं. विश्वासाने मिळालेल्या माहितीचा स्रोत न्यायालयाने विचारू नये, असा त्याचा आशय. ते कलम काही कायद्यात आलं नाही. पेगॅसस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात 27 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट असल्याचं म्हटलं. पुढे जानेवारी 2023 मध्ये एका वेगळ्या प्रकरणात दिल्लीच्या एका न्यायालयाने सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल फेटाळला आणि तपास यंत्रणेपासून स्रोत लपवण्याची कायदेशीर सूट भारतात पत्रकारांना नाही, असं स्पष्ट केलं. महाराष्ट्राने 2017 मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. पण तो मारहाणीचा आणि मालमत्तेच्या नुकसानीचा विचार करतो, स्रोताचा नाही.

आता तर नाव वदवून घ्यायचीही गरज उरलेली नाही. पत्रकाराचा फोन जप्त केला की त्यातले नंबर, मेसेज सगळं आयतंच हाती येतं. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जप्तीसाठी नियमावली हवी, असं केंद्राला बजावलं. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात नवराबायकोतल्या बोलण्याला संरक्षण आहे, वकील-अशिलाच्या बोलण्यालाही आहे. बातमीदार आणि त्याला माहिती देणारा यांचा मात्र त्यात उल्लेख नाही.