आधी कुणाचं तिकीट? प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या अग्रक्रमाच्या वादाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०११ मध्ये रेडमाइन या मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं घर फुटलं. काही जुन्याजाणत्या योगदानकर्त्यांनी कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली आणि तिचं नाव ठेवलं चिलीप्रोजेक्ट. वाद परवान्याचा नव्हता, कोडच्या दर्जाचाही नव्हता. तक्रार होती ती रांगेबद्दल. लोकांनी लिहून पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले तयार बदल, महिनोन्महिने पडून राहतात, कुठला कधी घेतला जाईल ते कळत नाही, पुढची आवृत्ती कधी येणार याचा ठरलेला दिवस नाही आणि हे सगळं एका माणसाच्या सवडीवर चालतं. जगभरच्या टीमना आपापल्या कामांची रांग लावून देणारं हे सॉफ्टवेअर स्वतःच्याच रांगेवरून दुभंगलं.

आधी काय बनवायचं, हा प्रश्न या व्यवसायात रोज विचारला जातो. मला त्यामागचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: हे ठरवणार कोण? प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा गेल्या पाव शतकाहून अधिक काळाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

तिकीट म्हणजे करायच्या एका कामाची, चुकीची किंवा मागणीची नोंद. तिच्यावर ‘अग्रक्रम’ नावाचा रकाना आला तो बगच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांच्या नोंदवहीतून. १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्यासाठी टेरी वाइसमन यांनी बगझिला लिहिलं. आधी टीसीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असलेलं हे सॉफ्टवेअर नंतर पर्ल या भाषेत आणलं गेलं. बगझिलात दोन वेगळे रकाने होते, तीव्रता आणि अग्रक्रम. बगमुळे वापरणाऱ्याचं किती नुकसान होतं ते तीव्रता सांगे. काम करणारा तो कितव्या क्रमांकाने हाती घेणार ते अग्रक्रम सांगे, पी-वनपासून पी-फाइव्हपर्यंत. ही विभागणी फार शहाणपणाची होती. पहिल्याच स्क्रीनवर कंपनीच्या नावात शुद्धलेखनाची चूक असेल तर तीव्रता नगण्य, पण अग्रक्रम वरचा. एखाद्या जुन्या प्रिंटरवरच प्रोग्रॅम कोसळत असेल तर तीव्रता मोठी, पण अग्रक्रम खालचा असू शकतो. पहिला रकाना सोसणाऱ्याचा, दुसरा करणाऱ्याचा. आज हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात ‘पी-वन आलाय’ म्हटलं की लोक खुर्चीवरून उठतात. पण त्या ‘पी’चा अर्थ अनेक ठिकाणी तीव्रतेत मिसळून गेलेला असतो आणि मग सोसणारा व करणारा यांचं भांडण एकाच रकान्यावरून सुरू होतं.

बगझिलात मतदानाचीही सोय होती. मतं मोजकी ठेवता येत, म्हणजे ती कुठल्या बगवर खर्च करायची याचा विचार मत देणाऱ्यालाच करावा लागे.

२००४ मध्ये स्वीडनच्या एजवॉल सॉफ्टवेअरने ट्रॅक आणलं. तिकिटं, विकी (सगळ्यांना मिळून लिहिता येणारी पानं) आणि कोडचा इतिहास त्यात एकत्र आले, शिवाय टप्पे आणि रोडमॅपचं, म्हणजे पुढच्या कामाच्या आराखड्याचं पान आलं. एका टप्प्यातली किती तिकिटं मिटली, हे दाखवणारी हिरवी पट्टी तिथे दिसे. बाहेरच्या माणसालाही पुढे काय येणार आहे ते वाचता येऊ लागलं. एकदा रोडमॅप उघड्यावर मांडला की तो वचनासारखा वाचला जातो, आणि पुढच्या बऱ्याच रागाचं मूळ तिथे आहे.

ट्रॅक एका वेळी एकाच प्रकल्पाचा संसार सांभाळत असे. जाँ-फिलिप लांग या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००६ मध्ये रेडमाइन काढलं ते ही अडचण ओलांडून. एकाच जागी अनेक प्रकल्प, प्रत्येकात वेगळ्या भूमिका आणि परवानग्या, गँट चार्ट (कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता), कॅलेंडर आणि हे सगळं जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली, फुकट. ज्यांना महागडे परवाने परवडत नव्हते त्या कंपन्या, विद्यापीठं आणि छोट्या टीम यांच्यासाठी हे वरदान होतं. मागण्या आल्या त्या पुरासारख्या. रेडमाइनचं कामकाज रेडमाइनवरच चाले, त्यामुळे हा पूर कुणालाही वाचता येत असे. एका कामाच्या पोटात उपकामं हवीत, ही मागणी फार लवकर आली आणि पूर्ण झाली २०१० मध्ये, १.० या आवृत्तीत. मूळ रेडमाइनमध्ये मतदानाची सोय नव्हती. म्हणून लोक तिकिटाखाली ‘+१’ एवढंच लिहून जात, आणि त्या प्रत्येक ‘+१’चा ईमेल तिकिटावर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना पोचत असे. आधार देण्यासाठी लिहिलेल्या त्या दोन अक्षरांनीच खरी चर्चा शोधणं अवघड होऊन बसे.

बाहेरून हे सगळं ढिलाईसारखं दिसतं. पण मेंटेनरच्या, म्हणजे कोडची देखभाल करणाऱ्याच्या जागी बसून बघा. कुणी एक चांगला पॅच पाठवला. तो मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या सगळ्या डेटाबेसवर चालायला हवा. पडद्यावर एक नवा शब्द आला की चाळीसहून अधिक भाषांत त्याचं भाषांतर लागतं. लोकांनी लिहिलेले प्लगिन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मोडता कामा नयेत. त्याच्या चाचण्या हव्यात. आणि पॅच पाठवणारा वर्षभराने दुसऱ्या नोकरीत गेला की तो कोड सांभाळायचा मेंटेनरनेच, कायमचा. पॅच स्वीकारणं म्हणजे मूल दत्तक घेण्यासारखं आहे. स्वतःच्या फावल्या वेळात हे करणाऱ्या माणसाने हात आखडता घेतला, तर त्याला दोष देताना मी तरी दहादा विचार करीन. चिलीप्रोजेक्टवाल्यांचंही चूक नव्हतं. नकार मिळाला याचं त्यांना जेवढं दुःख होतं त्यापेक्षा जास्त दुःख उत्तरच मिळत नाही याचं होतं. तिकीट उघडंच आहे, होय नाही आणि नाहीही नाही. या शांततेने माणसं दुरावतात.

पुढे काय झालं ते मात्र कुणालाच अपेक्षित नसावं. चिलीप्रोजेक्टने निर्णय वाटून घेतले, आवृत्त्यांचं वेळापत्रक ठेवायचा प्रयत्न केला. पण काम करणारे हात आटत गेले आणि चारेक वर्षांत त्याची देखभाल थांबली. रेडमाइन चालूच राहिलं. २०१२ मध्ये २.०, २०१५ मध्ये ३.०, २०१८ मध्ये ४.०, २०२२ मध्ये ५.०. वेग संथ, तरी धागा तुटला नाही. त्यात जपानमधल्या वापरकर्त्यांचा मोठा वाटा आहे. तिथे रेडमाइनचा प्रसार दांडगा आहे आणि तिथल्या मंडळींनी तिकिटं तपासण्याचं, जुन्या मागण्या निकाली काढण्याचं चिकाटीचं काम अंगावर घेतलं. अग्रक्रम ठरवण्याचा हक्क आणि ते काम निभावण्याची ताकद एका जागी असावी लागते. चिलीप्रोजेक्टकडे पहिली गोष्ट आली आणि दुसरी निसटली.

त्याच काळात बाजारातल्या सॉफ्टवेअरची वाट वेगळी होती. २००२ मध्ये सिडनीत माइक कॅनन-ब्रुक्स आणि स्कॉट फार्कर या दोन तरुणांनी अॅटलासियन ही कंपनी सुरू केली आणि तिकिटं सांभाळणारं जिरा आणलं. बगझिलाच्या नावावरून गॉडझिला, गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, आणि त्यातून जिरा. कंपनीने आपली मागण्यांची यादीसुद्धा जगापुढे उघडी ठेवली. कुणीही यावं, तिकीट टाकावं, मत द्यावं. मतं हा विचारात घेतल्या जाणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक आहे, असं कंपनीच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण मत देणाऱ्याच्या मनात हे वाक्य राहत नाही. आकडा वाढतोय म्हणजे काम होणार, असंच त्याला वाटतं.

क्लाउडवरच्या जिराला स्वतःच्या कंपनीचं डोमेन-नाव लावता यावं, ही मागणी २०११ मध्ये नोंदली गेली आणि दहा वर्षांहून अधिक काळ उघडी राहिली. तिच्याखाली वर्षागणिक लोक येऊन वाढदिवस साजरे करावेत तसे तिकिटाचं वय मोजत राहिले. ऐकायला सोपी वाटणारी ही मागणी लॉगिन, सुरक्षा-प्रमाणपत्रं आणि संपूर्ण क्लाउडची मांडणी यांना हात घालणारी होती. मतांचा आकडा गरज किती जणांना आहे ते सांगतो. किंमत किती पडेल आणि ती कोण मोजणार, याबद्दल तो काहीच बोलत नाही. उलट, कंपनीने घेतलेला सर्वांत मोठा अग्रक्रमाचा निर्णय कुठल्याही तिकिटावर नव्हता. स्वतःच्या सर्व्हरवर जिरा चालवणाऱ्यांसाठीचा सर्व्हर परवाना बंद करून ग्राहकांना क्लाउडकडे वळवायचं, हे ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालं आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला त्या आवृत्तीचा आधार संपला. यासाठी कुणी मत दिलं असेल असं मला वाटत नाही.

जिराच्या निमित्ताने आणखी एक बदल नोंदवायला हवा, कारण तो रकान्याच्या स्वरूपातलाच आहे. ‘उच्च’, ‘मध्यम’, ‘निम्न’ अशा पायऱ्या असल्या की काही महिन्यांत सगळी तिकिटं ‘उच्च’ होतात. कुठल्याही ऑफिसची यादी काढून बघावी. यावर उपाय म्हणून पायऱ्या सोडून सरळ क्रम लावायचा विचार पुढे आला. पहिलं, दुसरं, तिसरं. दोन तिकिटं एका जागी बसू शकत नाहीत. स्क्रम या कार्यपद्धतीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत (स्क्रम गाइड) बॅकलॉगसाठी, म्हणजे बाकी कामांच्या यादीसाठी, ‘अग्रक्रम दिलेला’ हा शब्द काढून ‘क्रम लावलेला’ असा शब्द आला तो याच समजुतीतून. ग्रीनहॉपर हे जिराचं प्लगिन अॅटलासियनने २००९ मध्ये विकत घेतलं आणि माउसने कार्ड वरखाली ओढून क्रम लावणं जिरात रुजलं. त्यात तांत्रिक अडचणही होती. दहा हजार तिकिटांत एक वर सरकवलं तर खालच्या सगळ्यांचे क्रमांक बदलायचे का? मग लेक्सोरँक नावाची पद्धत आली. आकड्याऐवजी अक्षरांची माळ, शब्दकोशात लावतात तशी. ‘कमल’ आणि ‘कमळ’ यांच्यामध्ये नवा शब्द घुसवला तरी बाकीच्या पानांना धक्का लागत नाही, तसंच इथेही. मला ही युक्ती आवडते. क्रम लावताना माणसाला त्रास झाला पाहिजे, यंत्राला नको.

सूत्रांचाही एक प्रवाह आहे. ‘हवंच, असावं, असलं तर बरं, आत्ता नको’ असे चार कप्पे करणारी मॉस्को पद्धत डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडली. इंटरकॉम कंपनीत आलेलं राइस सूत्र आवाका, परिणाम आणि खात्री यांचा गुणाकार करून त्याला मेहनतीने भागतं. दोन्ही उपयोगी आहेत, मुख्यतः चर्चा सुरू करायला. राइस सूत्रात टाकलेले चारही आकडे अंदाजाचे असले की उत्तरातल्या दशांशांवर भर देऊन भांडू नये.

या सगळ्यांच्या विरुद्ध टोकाला शिकागोची थर्टीसेव्हन-सिग्नल्स उभी होती. २००४ मध्ये तिने बेसकँप हे प्रकल्प-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर आणलं. त्याच्याच कोडमधून रूबी ऑन रेल्स हा वेबवरची सॉफ्टवेअर बनवण्याचा सांगाडा बाहेर काढला गेला आणि दोनच वर्षांनी त्या पायावर रेडमाइन उभं राहिलं. दोघांचं गोत्र एक, स्वभाव मात्र उलटे. ग्राहकांच्या मागण्या वाचा आणि विसरा, महत्त्वाच्या असतील त्या पुन्हापुन्हा येतीलच, असं या कंपनीने २००६ मध्येच लिहून ठेवलं. लोक मागत असूनही त्यांनी बेसकँपमध्ये गँट चार्ट घेतला नाही. २०१९ मध्ये रायन सिंगर यांनी कंपनीची पद्धत सविस्तर मांडली: सहा आठवड्यांचं एक चक्र, त्याआधी मोजक्या लोकांची बैठक, तिथे कशावर डाव लावायचा ते ठरतं, आणि जे निवडलं गेलं नाही त्याची यादी कंपनी सांभाळत बसत नाही. बॅकलॉगच नाही. ही पद्धत कठोर वाटते, पण निदान ती कुणाला खोटी आशा लावत नाही. अर्थात ती मालकाच्या नजरेवर चालते. नजर चांगली असेल तोवर ठीक.

चिलीप्रोजेक्टच्या झाडाची एक फांदी मात्र जगली. बर्लिनमधल्या मंडळींनी त्याच कोडवरून ओपनप्रोजेक्ट घडवलं आणि २०१२ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. मूळ आवृत्ती जीपीएलखाली फुकट, त्यावर पैसे देऊन घ्यायची एंटरप्राइझ आवृत्ती आणि त्या पैशातून प्रोग्रॅमरांचे पगार, असा मार्ग त्यांनी धरला. आता जर्मन सरकारी कचेऱ्यांसाठी बनलेल्या ओपनडेस्क या मुक्तस्रोत संचात ओपनप्रोजेक्ट आहे. सरकारी ग्राहक आला की सुगम्यता, विदासुरक्षा, सगळ्या साधनांना एकच लॉगिन अशा गोष्टी रांगेत वर सरकतात. छोट्या टीमला हवं असलेलं एखादं सोयीचं बटण त्यामुळे थोडं खाली जात असेल. पण ज्या मागण्यांना बाजारात कधीच पुरेशी मतं मिळाली नसती, उदाहरणार्थ दृष्टिहीन कर्मचाऱ्याला पडदा-वाचकावर तिकीट वाचता येणं, त्या सरकारी नियमांमुळे पुढे येतात. मला हा या इतिहासातला फार चांगला भाग वाटतो.

आणि रेडमाइन? २०२४ च्या शेवटी ६.० आलं, २०२५ मध्ये ६.१. या ६.१ मध्ये तिकिटाखाली आणि प्रत्येक नोंदीखाली अंगठा उंचावण्याची सोय आली. आता आधार द्यायला ‘+१’ लिहावं लागत नाही.