बारा व्होल्ट, पाना आणि एक अर्धसत्य

“गाडीची बॅटरी बाराच व्होल्टची, शॉक बसत नाही. मग कुठलीही वायर आधी काढा, काय फरक पडतो?” गॅरेजपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. कोरड्या हाताला 12 व्होल्टचा झटका सहसा जाणवतही नाही. पण भीती शॉकची नाहीच, शॉर्टची आहे.

हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह बाजू थेट बॉडीला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला, की त्यातून शेकडो अँपिअर करंट धावतो. ठिणग्या उडतात, पाना तापतो, आणि मध्ये बोटातली अंगठी सापडली तर कातडी भाजते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. तो पेटला तर बॅटरी फुटून ॲसिड थेट तोंडावर.

म्हणून इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह काढायची. ती सुटली, की पाना बॉडीला लागला तरी सर्किट पुरं होत नाही. बसवताना उलटा क्रम: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नका. कुणी कधी कुठली वायर बदलली असेल सांगता येत नाही. बॅटरीवरच्या अधिक-उणे खुणाच बघा.

अंगठी, घड्याळ आधीच उतरवा, डोळ्यांवर चष्मा हवा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला नको, त्यात शिसं असतं. नवी घेताना दुकानदार ती परत घेतो आणि किंमतही थोडी कमी करतो.