रंगद्रव्यांचा उगमशोध

जुनी चित्रे, हस्तलिखिते, मूर्ती व भिंती यांवरील रंग कशापासून बनले आणि त्यांचा कच्चा माल कोणत्या प्रदेशातून आला, हे प्रयोगशाळेत तपासून ठरविण्याची पद्धत. व्यापाराच्या वह्या किंवा जकातीच्या नोंदी उरलेल्या नसतात, तिथे रंगाच्या कणावरच भिस्त ठेवावी लागते.

रंग ओळखणे त्या मानाने सोपे. क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर पदार्थातून निघणाऱ्या किरणांवरून, मूलद्रव्ये कळतात. लाल रंगात पारा आढळला तर हिंगूळ, शिसे आढळले तर शेंदूर. रामन वर्णपटावरून, म्हणजे लेसरचा प्रकाश पदार्थावरून विखुरताना त्यात होणाऱ्या बदलांवरून, रेणूंची रचना समजते. दोन्हींची हाती धरून नेण्याजोगी उपकरणे असल्याने अनेकदा चित्राचा कणही खरवडावा लागत नाही. अवघड असते ते मूळ ठिकाण सांगणे. तिथे मुख्य द्रव्यापेक्षा खाणीतून त्याच्याबरोबर आलेली अशुद्धीच जास्त उपयोगी पडते.

लाजवर्द हे याचे उत्तम उदाहरण. या दगडात निळ्या लॅझुराइटसोबत पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट असतो. नुसता दळला तर करडी पूड मिळते. म्हणून पूड मेण, राळ व तेलाच्या गोळ्यात मळीत आणि तो गोळा राखेच्या क्षारजलात दाबून निळे कण वेगळे काढीत. एवढ्या खटाटोपामुळे युरोपात हा रंग सोन्याच्या तोलाचा मानला जाई. प्राचीन जगाला उत्तम लाजवर्द पुरविणारी प्रमुख खाण अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात, सर-ए-संग येथे आहे. अजिंठ्याच्या ५ व्या शतकातील चित्रांतही लाजवर्द सापडतो. १८२८ नंतर कृत्रिम अल्ट्रामरीन, म्हणजे कारखान्यात बनवलेला हाच निळा रंग, बाजारात आले. त्याचे कण बारीक व एकसारखे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे ओळखता येते.

जर्मनीतील डालहाइम येथील स्त्रियांच्या मठात पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरील कीटणात लाजवर्दाचे शंभराहून अधिक कण आढळले. संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ती इ. स. १००० ते १२०० च्या दरम्यान वारली असावी. हस्तलिखिते रंगवताना ती कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करीत असावी, हा संशोधकांचा कयास पटण्याजोगा आहे. बदख्शानचा दगड एका लहानशा मठापर्यंत पोचत होता आणि तो स्त्रीच्या हाती सोपवला जात होता, या दोन्ही गोष्टी दाताच्या कीटणातून कळाव्यात हे विलक्षणच!

सफेद्यासाठी, म्हणजे शिशापासून बनणाऱ्या पांढऱ्या रंगासाठी, शिशाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजतात. त्यांचे परस्पर प्रमाण धातुकाच्या (धातू असलेल्या खनिजाच्या) वयावर आणि ज्या खडकातून ते शिसे आले त्यातील युरेनियम-थोरियमवर ठरते. धातू गाळताना किंवा रंग बनवताना ते जवळजवळ बदलत नाही. १७ व्या शतकातील डच चित्रांच्या सफेद्यात १६४० च्या दशकात हे प्रमाण बदललेले दिसते. इंग्लंडमधील यादवी युद्धाने तिथल्या शिशाचा पुरवठा विस्कळीत झाल्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

पद्धतीला मर्यादा आहेत. गेरू आणि काव जवळपास सर्वत्र मिळतात, त्यामुळे त्यांची खाण सांगणे फार कठीण. जुने शिसे वितळवून पुन्हा वापरले असेल तर अनेक खाणींची प्रमाणे एकमेकांत मिसळलेली असतात. खाण निश्चित झाली तरी माल कोणत्या वाटेने आणि किती हातांतून गेला, हे कणावरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा कागदपत्रांकडेच वळावे लागते.