लोबोन-गुर शरबत (चिमूट-मूठ पद्धत)

जुलाब लागलेल्या पोराला घरीच करून पाजायचं मीठ-गुळाचं पाणी, आणि ते कसं करायचं हे वाचता न येणाऱ्या आयांना तोंडी शिकवायची बांगलादेशातली पद्धत. ब्रॅक या संस्थेने १९७९ च्या सुमारास शाल्ला भागात ती करून बघितली, मग १९८० ते १९९० मध्ये घरोघरी बायका पाठवून १ कोटी २० लाखांहून जास्त घरांपर्यंत नेली. आपल्याकडची जलसंजीवनी म्हणजे असंच पाणी.

जुलाबात असं पाणी तोंडावाटे द्यायची कल्पना आधी कुणाची यावर वाद आहे. कोलकात्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कॉलऱ्याच्या पेशंटना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी दिल्याचं छापलं होतं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे बरेच जण १९६८ च्या ढाक्यातल्या नॅलिन आणि कॅश या अमेरिकन डॉक्टरांच्या कामापासून सुरुवात धरतात आणि पुराव्याच्या दृष्टीने ते जास्त पटतं, तरी चॅटर्जींचं नाव गाळू नये.

माप असं: तीन बोटांच्या पहिल्या पेरापर्यंतची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (जवळजवळ अर्धा लिटर) पाणी. खरी चर्चा या चिमटीवरच झाली. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ हे तेव्हाच्या तयार ओआरएसच्या (पाण्यात घालायच्या मीठ-ग्लुकोजच्या) पुडीतलं प्रमाण, आणि बोटं काही सगळ्यांची सारखी नसतात. मीठ जास्त पडलं तर रक्तातलं सोडियम वाढून पोराच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आयांनी केलेलं पाणी लॅबमध्ये तपासून घेत. साखरेपेक्षा गूळ बरा, घरात असतो आणि त्यात पोटॅशियमही असतं. आईच्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायचे, मग पाणी तिनेच करून दाखवायचं. सोबत पाठ करायला आधी दहा मुद्दे होते, नंतर सात केले.

महिनाभराने दुसरं कुणीतरी येऊन त्यातल्या काही घरांत आईला विचारायचं, आणि आईच्या लक्षात किती राहिलं त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. हे मला या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण बाईला कळलं नाही तर कमी पडली ती शिकवणारी, बाई नाही, हे इथे धरलेलं आहे.

तरी सुरुवातीला पाठ असूनही फार थोड्या जणी वापरायच्या. गावात जुलाबाला चार नावं होती, दूध-हागा (तान्ह्या पोराचे जुलाब), अजीर्ण, आमाशा (आव) आणि डायरिया, आणि शिकवलेला 'डायरिया' शब्द त्यांच्या लेखी फक्त कॉलऱ्यासारख्या जोरदार जुलाबाचा, मग बाकीच्या तिन्हींत हे पाणी कशाला करायचं? (आपल्याकडेही आव पडणं वेगळं आणि अजीर्ण वेगळंच धरतात.) शिवाय शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता, त्यांना ढाक्याला नेऊन समजावलं तेव्हा त्या आयांसमोर स्वतः ते पाणी प्यायला लागल्या. पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं, मग बाजारात, मशिदीत, शाळेत जाऊन त्यांच्याशीही बोलणं सुरू झालं.

पुढे तयार पुड्या गावातल्या दुकानांत मिळायला लागल्या.