अनंत पै: चित्रकथांच्या मेजामागचा माणूस

‘अमर चित्र कथा’चा पहिला अंक शोधायला गेलात तर तिथे अनंत पै सापडत नाहीत. सुरुवातीचे दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे, तेही कन्नडमध्ये निघाले होते. पै यांनी लिहिलेल्या आणि राम वाईरकरांनी चितारलेल्या ‘कृष्ण’वर म्हणूनच ११ हा क्रमांक आहे. मालिकेचे श्रेय कोणाचे यावर वाद झाले. संपादनाची शिस्त मात्र पै यांचीच.

तिची तालीम ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये झाली. कारकळला १९२९ मध्ये जन्मलेले, मुंबईत रसायन तंत्रज्ञान शिकलेले पै टाइम्स समूहात असताना १९६४ मध्ये ‘इंद्रजाल’ सुरू झाले. मजकूर आयता अमेरिकी, पण इथे खटकेल ते आधीच बदलायचे. वेताळाच्या (म्हणजे अमेरिकी ‘फँटम’च्या) देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते, म्हणून ते डेंकाली झाले. ‘रामा’ नावाच्या खलनायकाचा रामालू झाला.

१९६७ मध्ये दूरदर्शनच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देव ठाऊक निघाले आणि रामाची आई कोण ते सांगता येईना, त्यातून पै यांना ‘अमर चित्र कथा’ सुचली, हा किस्सा सर्वांना पाठ आहे. खरी कसोटी पुढे होती: तीसेक पानांत अख्खे चरित्र बसवायचे. अशा संहितेत चौकटीगणिक दृश्य, निवेदन आणि संवाद वेगळे लिहावे लागतात. चित्रात दिसते तेच निवेदनात आले की जागा फुकट जाते, आणि ही खोड मालिकेच्या बऱ्याच अंकांना आहे.

भाषांतराची अडचण निराळीच. बहुभाषिक कॉमिक्समध्ये छपाईच्या रंगाच्या प्लेटा सर्व आवृत्त्यांना त्याच वापरतात, फक्त अक्षरांची काळी प्लेट बदलते. संवादांचे फुगे इंग्रजीच्या मापाचे असले की वरखाली मात्रा-उकार असलेली देवनागरी त्यांत कोंबली जाते. मग अक्षर बारीक करा, नाहीतर वाक्य छाटा.

‘कृष्ण’मधले चमत्कार पै यांनी आधी मुद्दाम सौम्य ठेवले होते. सुधारित आवृत्तीत गोवर्धन ठसठशीत आला. गोरे नायक आणि काळे असुर या रंगसंगतीवरची टीका मात्र रास्त आहे. ती रंगसंगती पुनर्मुद्रणांतही पुसली गेली नाही.

१९८०चे मुलांचे नियतकालिक ‘टिंकल’ मोकळे होते. त्यातला सुप्पांडी वाईरकरांच्या कुंचल्यातून आला, शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या. पै २०११ मध्ये गेले. ‘अमर चित्र कथा’चे जुने अंक जमवणाऱ्यांनी रंग पाहावेत: खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीचे अंक निळा, पिवळा, हिरवा एवढ्यावरच भागवलेले आहेत.