या महिन्यात गणिताच्या तासाला काय चाललंय? (सहावी ते आठवी)

पालकहो, नमस्कार.

ऑगस्टमध्ये मुलांच्या वहीत सोडवलेली गणितं कमी आणि चित्रं, घड्या घातलेले कागद जास्त दिसतील. काळजी करू नका. सराव पुढच्या पंधरवड्यात भरपूर होईल. नियम पाठ होण्याआधी तो का खरा आहे हे मुलांना कळावं, एवढ्यासाठी हा वेळ दिला आहे.

सहावी : अपूर्णांकांचा भागाकार

‘उलटा करून गुणा’ हे आम्ही मुद्दाम अजून सांगितलेलं नाही. आधी प्रश्न दिला : 3 लिटर दूध आहे, पाऊण लिटरच्या किती बाटल्या भरतील? मुलं चित्र काढून मोजतात, उत्तर येतं 4. भागाकार करूनही उत्तर 3 पेक्षा मोठं कसं आलं, यावर वर्गात बराच वेळ वाद होतो. तो होऊ द्यायचा असतो. म्हणून विनंती, घरी नियम आधीच सांगून टाकू नका.

त्याऐवजी मुलांना बाजारात न्या. भेंडी 60 रुपये किलो, तर सव्वा किलोचे किती? सव्वा म्हणजे नेमकं किती हे बऱ्याच मुलांना सांगता येत नाही, आणि याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पाव, पाऊण, दीड, अडीच हे आपल्या भाषेतले आयते अपूर्णांक आहेत. आजी-आजोबांना पावकी, निमकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) येत असतील तर नातवंडांना जरूर म्हणून दाखवा.

सातवी : पूर्णांकांचा गुणाकार

(−3) ला 2, 1, 0 ने गुणत खाली या : −6, −3, 0. दर पायरीला उत्तर 3 ने वाढतंय. मग (−1) ने गुणल्यावर 3 च यायला हवेत. दोन ऋणांचा गुणाकार धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्येच लिहून ठेवला आहे. ऋण म्हणजे कर्ज, हे लक्षात आणून दिलं की बेरीज-वजाबाकीतल्या चुकाही कमी होतात.

आठवी : अपरिमेय संख्या

घरी एक ए-फोर कागद घ्या. वरची आखूड कड डावीकडच्या लांब कडेवर नीट बसेल अशी तिरकी घडी घाला. ही घडी म्हणजे एका चौरसाचा कर्ण. आता दुसऱ्या ए-फोर कागदाची लांब बाजू तिच्याशेजारी ठेवा. दोन्ही तंतोतंत सारख्या! कागद 210 मिमी रुंद आणि 297 मिमी लांब असतो. 297 ला 210 ने भागलं की साधारण 1.414 येतात, म्हणजे जवळजवळ √2. हीच लांबी मुलं वर्गात कंपासने संख्यारेषेवर घेतात. जी संख्या दशांशात कधीच पूर्ण लिहून होत नाही, तिची जागा मात्र रेषेवर अचूक सापडते.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 20 गुणांची चाचणी आहे. जे विद्यार्थी मागे पडले आहेत त्यांच्यासाठी आदल्या दिवशी जादा तास घेऊ, त्याची वेगळी फी नाही. आठवीच्या मुलांनी पट्टी आणि कंपास आठवणीने आणावेत.